लावू का, मास्तर?

त्या दिवशी मी ‘हां हां’ म्हणालो, हे खरं आहे. पण कशासाठी म्हणालो, ते मात्र मी चौदा महिने खोटं सांगत आलो. आता सगळं सांगून टाकतो. सांगताना मध्येच माझा आवाज चढेल. तो माझ्यावरच चढलेला असेल, तेवढं समजून घ्या.

मी पॉल देठे. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमनच्या पोरांना शिकवलं, रिटायर झालो आणि राहुरीत छोटं घर बांधलं. पोरं माघारी मला ‘फ्यूज’ म्हणायची, कारण मी लगेच उडायचो. वर्कशॉपमध्ये कुणी चप्पल घालून आला की त्याला घरी हाकलायचो. मग तो आमदाराचा भाचा असो नाहीतर आमच्या पाळकांचा मुलगा. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाही पोराला शॉक लागून दवाखान्यात न्यावं लागलं नाही. ही माझी मिरवायची गोष्ट. लग्नात, मयताला, चर्चच्या पायरीवर, कुणी सापडला की मी ती ऐकवायचो. ख्रिस्टीना, म्हणजे आमची बायको, ती गोष्ट सुरू झाली की उठून दुसरीकडे जाऊन बसायची.

रिटायर झाल्यावर मला विमानांचा नाद लागला. खेळण्यातली नव्हेत हो. रिमोटवर उडणारी, चार-साडेचार फुटांची, आपण घरी बनवायची. हलक्या फोमच्या शीटचे पंख कापायचे, नाकावर मोटर बसवायची, मोटरवर पंखा. पंख वेगळे आणि पंखा वेगळा, हे लोकांना समजावून सांगण्यातच माझा अर्धा जीव गेलाय. पंख विमानाला तोलतात. पंखा पुढे गरगर फिरतो आणि ओढून नेतो. दहा इंची नायलॉनचा पंखा बघायला किरकोळ दिसतो, मुलांच्या पट्टीएवढा. पण मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे मारतो. फिरताना तो दिसतच नाही, समोर नुसती हवा दिसते. माणूस फसतो तो तिथेच.

मुळा धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की कडेची गाळाची जमीन उघडी पडते. सपाट, मऊ, झाडं नाहीत, तारा नाहीत. रविवारी उपासना आटोपली की मी तिथे जायचो. मुजफ्फर मला तिथेच भेटला. माझं विमान उतरताना आपटलं आणि डाव्या पंखातली लाकडी काडी मोडली. मी नेहमीप्रमाणे आकाशाला, वाऱ्याला आणि विमानाला शिव्या घालत बसलो होतो. मोटरसायकलवरून एक तिशीतला माणूस चालला होता, तो थांबला. म्हणाला, “बघू का मास्तर?” मी मास्तर आहे हे याला कसं कळलं, कुणास ठाऊक. शिव्या देण्याच्या पद्धतीवरून कळलं असेल.

तो एका नर्सरीत कलमं बांधायचा. खिशात चाकू आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्याच. त्याने मोडलेल्या काडीची दोन्ही टोकं तिरकी तासली, एकमेकांवर बसवली आणि आंब्याचं कलम बांधतात तशी पट्टी गुंडाळली. अंगठा आणि पहिलं बोट, एवढीच दोन बोटं चालत होती, पण काय चालत होती! पट्टीला कुठे सुरकुती नाही, कुठे ढिलेपणा नाही. मी हात लावून बघितला तर सांधा सापडेना. “हे धरेल का रे?” मी विचारलं. “झाड धरतं मास्तर, हे तर मेलेलं लाकूड हाय,” तो म्हणाला. त्याच संध्याकाळी विमान परत उडालं.

तेव्हापासून आम्ही दोघे. तीन वर्षं एक रविवार चुकवला नाही; धरणाचं पाणी चढलं की माझ्या घरी टेबलावर काम. त्याच्या नर्सरीत कोय कलमांचा हंगाम आला की तो दिवसाला तीनशे कलमं बांधायचा आणि त्यातली फार थोडी मरायची. नर्सरीचे मालक मच्छिंद्रभाऊ बाहेरच्या लोकांना त्याचे हात दाखवायचे. आणि तो रविवारी माझ्याकडे येऊन पोरासारखा शिकायचा. मी शिकवायचोही तसंच, म्हणजे ओरडून.

नियम माझे कडक होते. घरात टेबलावर काम असेल तर पंखा आधी काढून ठेवायचा, मग बाकीचं. रिमोट आधी चालू करायचा, बॅटरी शेवटी जोडायची. फिरत्या पंख्याच्या समोर किंवा रेषेत उभं राहायचं नाही, जे करायचं ते मागून. गळ्यात उपरणं नको, सैल बाही नको. पंख्याला केसाएवढी चीर दिसली तरी तो चिकटवायचा नाही, मोडूनच टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला वापरायची बुद्धी होणार नाही. एकदा मुजफ्फरने चिरलेला पंखा चिकटवून आणला होता, तेव्हा मी त्याच्यावर एवढा ओरडलो की पलीकडची शेळीवाली छबूबाई काय झालं बघायला आली.

आणि सगळ्यात मोठा नियम कुलपाचा. रिमोटच्या डाव्या खांद्यावर एक छोटी खटकी असते. ती खाली ओढली की वेगाची काडी कितीही हलवा, मोटर फिरत नाही. त्या खटकीला आम्ही कुलूप म्हणायचो. बॅटरी जोडणाऱ्याने विचारायचं, “लावू का?” रिमोटवाल्याने कुलपाकडे डोळ्यांनी बघायचं, त्याला बोट लावायचं आणि मगच म्हणायचं, “हां.” ही पद्धत मीच बसवली. वायरमनचा मास्तर होतो मी, मेन स्विच बंद आहे हे स्वतः बघितल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हे मी हजार पोरांच्या डोक्यात ठोकलं होतं.

शब्द मात्र मी चुकीचा निवडला. एवढा शहाणा, पण ते सुचलं नाही. आपल्याकडे ‘हां’ म्हणजे हो. आणि लहान पोर गरम तव्याकडे निघालं की आपण काय ओरडतो? “हां हां हां!” म्हणजे थांब, हात लावू नकोस. शब्द तोच. फरक नुसता सुराचा.

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी सहादेवराव धरणावर आले. पंचायत समितीवर राहून आलेले, चार लोक मागेपुढे असलेले गृहस्थ. त्यांना शाळेच्या कार्यक्रमात विमान उडवून दाखवायचं होतं, म्हणून आधी बघायला आले होते. मला तर असा श्रोता आयताच हवा होता. मी रिमोट गळ्यात अडकवून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सुरू झालो. एकतीस वर्षं, एकही शॉक नाही, वगैरे. मुजफ्फर माझ्या मागे पाच पावलांवर विमानाजवळ उकिडवा बसला होता. त्या विमानाचं बॅटरीचं झाकण मी नाकाखाली केलं होतं. ते मागे घ्यायला हवं, हे मला माहीत होतं. झाकण लावताना हात पंख्याजवळून न्यावा लागायचा. पुढच्या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू, असं चाललं होतं.

त्याने विचारलं, “लावू का, मास्तर?”

मी सहादेवरावांना सांगत होतो की सेफ्टी म्हणजे अंगवळणी पडलेली सवय, साहेब. मधे कुणी बोललेलं मला खपत नाही. मी मान न वळवता म्हणालो, “हां हां.” म्हणजे हो रे बाबा, लाव, कटकट करू नकोस. कुलपाकडे बघितलं नाही, बोट लावलं नाही. कुलूप उघडं होतं. आणि आपण हो म्हणालो आहोत हेसुद्धा दुसऱ्या क्षणी माझ्या डोक्यातून गेलं. बॅटरी जोडल्यावर मोटर बारीक टूं टूं करते, तेही मी माझ्याच बडबडीत ऐकलं नाही. मी रिमोट वर उचलला आणि सहादेवरावांना म्हणालो, “ही काडी बघा, अशी वर केली की पंखा फिरतो.”

आणि वर केली.

मुजफ्फर झाकण लावत होता. त्याचा आवाज मला आला नाही. पंख्याचा आवाज एकदम जड झाला आणि थांबला, तो आला. मी वळलो तेव्हा तो स्वतःचा उजवा हात डाव्या हाताने धरून बसला होता आणि गाळाच्या जमिनीवर रक्त पडत होतं. अंगठ्याचं टोक गेलं होतं. पहिल्या बोटाची नस आतून तुटली होती, ते नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

सहादेवरावांच्या गाडीतून आम्ही त्याला नगरला नेलं. तासाभरात त्याची बायको फरहीन आली, धापा टाकत, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात दुसरीच. मला बघितल्यावर तिला जरा धीर आला. म्हणाली, “मास्तर, तुमी तितंच हुता ना? आसं कसं झालं?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती. मी हो म्हणालो, आणि मीच काडी वर केली. पण शेजारी सहादेवराव उभे होते, त्यांची माणसं होती. माझी एकतीस वर्षं माझ्या तोंडावर येऊन बसली. मी म्हणालो, “अगं, मी तर त्याला ‘हां हां’ करत होतो. थांबवायला धावलो, त्या गडबडीत काडीला हात लागला. त्याने ऐकलंच नाही.”

सहादेवरावांनी मान डोलावली. म्हणाले, “व्हय, सर ‘हां हां’ करत हुते, मी ऐकलं की.” काडीचं ते बोलले नाहीत, ती त्यांनाच दाखवायला वर केली होती; पण खोटी साक्षही त्यांनी दिली नाही. शब्द त्यांनी ऐकलाच होता, अर्थ मी पुरवला. तो शब्दच चोर, दोन्ही बाजूंनी बोलतो. मी त्याच्या आड लपलो.

ऑपरेशननंतर मुजफ्फर शुद्धीवर आला तेव्हा मी पलंगाशी होतो. त्याने पहिलं तेच विचारलं. “मास्तर, तुमी हो म्हनला हुता ना?”

“अरे, मी थांब म्हणत होतो. हां हां, हां हां, असं.” मी सूर बदलून म्हणून दाखवलं. बघा माझी हुशारी.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मला हो ऐकू आलं. मग माजंच चुकलं आसंल.” आणि मी, हा सेफ्टीचा मास्तर, वर त्याच्यावरच रागावलो. हो, रागावलो! “किती वेळा सांगितलंय, नीट ऐकून हात घालायचा म्हणून!” हात बांधून पडलेला माणूस मला म्हणाला, “चुकलं मास्तर.” हे आठवलं की मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

घरी आल्यावर ख्रिस्टीनाने एकच विचारलं, “तुम्ही ती खटकी ओढली होती ना?” तिने माझे नियम इतक्यांदा ऐकले होते की तिला पाठ होते. मी तिच्यावर असा खेकसलो की तिने परत विषय काढला नाही.

हाताची जखम दोन महिन्यांत भरली. पहिलं बोट मात्र वाकेना, आणि अंगठ्याला स्पर्शच कळेना. त्या दोन बोटांनीच तर तो कलम बांधायचा. डाव्या हाताने करून बघितलं, पण पट्टी ढिली बसायची आणि कलमं वाळून जायची. मच्छिंद्रभाऊंनी त्याला काढलं नाही, झाडांना पाणी घालायला आणि नावाच्या पाट्या लिहायला ठेवलं. मुजफ्फरने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. म्हणायचा, “हात आपल्याच चुकीनं गेला, कुनाला बोलायचं?”

पण हात गेला एवढ्यावर ते थांबलं नाही. त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. सरळ हिशेब होता त्याचा. मास्तर थांब म्हणाले, मला हो ऐकू आलं, म्हणजे माझे कान चुकतात. मास्तर खोटं बोलतील ही शक्यता त्याने धरलीच नव्हती. मग तो जे ते दोनदा, तीनदा विचारू लागला. फरहीनने जेवायला वाढू का म्हटलं तरी विचारायचा, वाढू का म्हनलीस ना? नर्सरीत पोरं चेष्टा करायची. चहा घ्या म्हणायची, आणि हा “घेऊ? घेऊ ना?” करत उभा. मागे हॉर्न वाजला तर ऐकू येईल न येईल, म्हणून त्याने मोटरसायकल चालवणं सोडलं. पोरीला शाळेत सोडायला फरहीन दोन किलोमीटर चालत जायची. विमानाचं तर नावच काढायचा नाही. मी एकदा म्हणालो, डाव्या हाताने उडवता येईल की रे. त्याने कानाला खडा लावला होता. “नको मास्तर. मी ऐकायला चुकलो तर आनखी कुनाचा तरी हात जाईल.”

नोव्हेंबरात तो म्हणाला, कान तपासून घ्यायचेत, नगरला येता का? मीच त्याला माझ्या स्कूटरवर बसवून घेऊन गेलो. त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो, काचेतून दिसत होता. इतका जीव लावून ऐकत होता, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारखा. अर्धा तास मी ते बघत होतो. दार ढकलून आत जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. बाकड्याची कडा धरून बसून राहिलो.

डॉक्टर बाई म्हणाल्या, कान उत्तम आहेत, काहीही झालेलं नाही. मला वाटलं, सुटलो! आता हा म्हणेल, मग मला बरोबरच ऐकू आलं होतं. तसं म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगतो. परत येताना विळद घाटात तो मागून म्हणाला, “मास्तर, कान बरे हायेत. म्हंजे डोक्यातच काहीतरी उलटं हुतंय.”

मी “हं” म्हणालो. पूर्ण रस्ताभर तेवढंच बोललो.

या जूनमध्ये फरहीन सकाळीच माझ्याकडे आली. मी पेपर वाचत होतो. ती खुर्चीवर बसेना, दारातच उभी राहून बोलायला लागली. नर्सरीत कलमं बांधायला शिकायला अठरा बायका येणार होत्या. मच्छिंद्रभाऊ म्हणाले होते, शिकवायला मुजफ्फरच पाहिजे. हाताचं काम नाही, तोंडाने सांगायचं, कुठे चुकतंय ते बघायचं. पगार जुना, मान जुना. आणि हा नाही म्हणत होता.

“का?” मी विचारलं, पण मला कळलं होतं.

“म्हनतात, बायांच्या हातात चाकू आसनार. कुनी कायतरी विचारंल, मला उलटं ऐकू यील, मी हो म्हनून बसंल. परत तसंच व्हईल.” ती रडत नव्हती, थकली होती. “उद्या मालकाला शेवटचं सांगायचंय. न्हाई म्हनलं तर ते दुसरा मानूस बघनार. मास्तर, तुमी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. सोतापेक्षा तुमच्यावर जास्त भरवसा हाय त्यांचा.”

मी संध्याकाळी येतो म्हणालो. ती गेली. ख्रिस्टीना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने चौदा महिन्यांनी परत विचारलं, “खटकी ओढली नव्हती ना तुम्ही?”

या वेळी मी खेकसलो नाही. “नाही,” म्हणालो. “आणि थांबही म्हणालो नव्हतो.”

“मग संध्याकाळ कशाला? आत्ता जा,” ती म्हणाली.

मुजफ्फरला त्या दिवशी सुट्टी होती. घरासमोर बाजेवर बसून तो डाव्या हाताने रोपांच्या पाट्या लिहीत होता. मला बघून उठला, फरहीनला चहा ठेवायला सांगितलं. मी बसलो आणि पावसाचं बोललो, माझ्या गुडघ्याचं बोललो, नर्सरीतल्या केशर आंब्याच्या रोपांचं बोललो. शेवटी तोच म्हणाला, “फरहीननं पाठवलंय ना? मास्तर, मला भीती वाटती. तुमी कितीबी समजावलं तरी वाटनारच.”

“तुझे कान चांगले आहेत,” मी म्हणालो. “डोकंही चांगलं आहे. त्या दिवशी तू बरोबर ऐकलंस. मी हो म्हणालो होतो.”

त्याने हातातली पाटी बाजेवर ठेवली.

“तू लावू का म्हणालास आणि मी हो म्हणालो. कुलूप लावलं नव्हतं. बघितलंही नव्हतं. आणि काडीला हात लागला नाही, मी मुद्दाम वर केली. सहादेवरावांना दाखवायला. तू थांब ऐकलं नाहीस, कारण थांब कुणी म्हणालंच नाही.”

“परत सांगा,” तो म्हणाला.

मी परत सांगितलं. तो म्हणाला, आणखी एकदा. तिसऱ्यांदा सांगताना माझी जीभ अडखळायला लागली. पण त्याने मला एक शब्दही गाळू दिला नाही. सांगून झाल्यावर तो उठून आत गेला. आतून त्याचा आवाज आला, “फरहीन, मला बरोबर ऐकू आलं हुतं! मला बरोबर ऐकू आलं हुतं गं!” आणि मग दोघांचं रडणं. हसत होते का रडत होते, खरं तर ते सांगता येणार नाही. मी बाहेर एकटा बसलो होतो. माझ्या बोलण्याने त्या घरात एवढा आनंद झालाय, म्हणून क्षणभर मलाही बरं वाटलं. एवढा निर्लज्ज मी.

तो तोंड धुऊन बाहेर आला. माझ्यासमोरच मच्छिंद्रभाऊंना फोन लावला. “मालक, मी शिकवतो. सोमवारपासनं येतो.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने एकदाच ऐकलं आणि एकदाच उत्तर दिलं. फोन ठेवून माझ्यासमोर बाजेवर बसला. चहा आला नव्हता. तो आता येणार नव्हता, हे मला समजलं.

“नगरला तुमीच नेलं मला,” तो म्हणाला. “कान तपासायला.”

“हो.”

“भाईर बसला हुता तुमी. मी काचंतनं बघत हुतो तुमच्याकडं. वाटायचं, मास्तर हायेत तर बरं हाय.”

मला वर बघवेना.

“बोटाचं मी तुमाला धरलं नसतं. देवाच्यान सांगतो. मानूस चुकतो. त्याच दिवशी सांगितलं आसतं तर पुढच्या रविवारी मी परत आलो आसतो, एका हातानं.” तो आवाज न चढवता बोलत होता. चढवला असता तर मला सोसलं असतं, आरडाओरडा मला कळतो. “पन चौदा म्हैनं मी येडा झालो म्हनून फिरत हुतो. माझ्या पोरीला गाडीवर घेतलं न्हाई. आनि तुमाला म्हाईत हुतं.”

मी हात जोडले. बासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणापुढे असे हात जोडले. “मुजफ्फर, मला फार पस्तावा होतोय रे. आजच नाही, रोज होतो. एक रविवार असा गेला नाही की मी चर्चमध्ये बसून हे आठवलं नाही. देवाशपथ खरं सांगतो.”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. दवाखान्यात पलंगावरून बघितलं होतं तेवढा वेळ.

“आसंल मास्तर,” तो म्हणाला. “पन तुमी खरं बोलताय का न्हाई, ते आता मला कसं कळायचं?”

तो टोमणा मारत नव्हता. उत्तराची वाट बघत तो खरंच थांबला होता.